परक्या हातचं

बाबांनी पिल्लू आणलं ते भाजीच्या कापडी पिशवीतून. पिशवीच्या तोंडाशी दोन कान आणि एक ओलं नाक एवढंच दिसत होतं, आणि पिशवीला सुक्या मासळीचा असा वास येत होता की आईनं दारातच पदर नाकाला लावला. बाबांच्या ऑफिसातला शिपाई माहुलच्या कोळीवाड्यात राहायचा. त्याच्या घरच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली होती, त्यातलं हे शेवटचं उरलेलं. "तो इतका मागे लागला की नाही म्हणता येईना," असं बाबांनी आईला सांगितलं. पण पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली आणि ती देताना ते माझ्याकडे असे बघत होते की मला लगेच कळलं, मागे लागले होते ते बाबाच. मी एकुलती एक. तेरा वर्षांची. चारकोपला नव्यानं राहायला आलेलो, शाळा नवी, मैत्रिणी अजून व्हायच्या होत्या.

आमची सोसायटी म्हणजे पस्तीस बैठी घरं. मधे मोकळं अंगण, त्याच्या चारी बाजूंनी एकमेकांना खेटून दारं, प्रत्येक दारापुढे हातभर ओटा. सगळ्यांचं सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. पहाटे पाणी आलं की पस्तीस बादल्यांचा आवाज, मग कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या, आणि आठ वाजता पलीकडच्या औद्योगिक वसाहतीचा भोंगा. वारा खाडीकडून असला की चिखलाचा आणि मिठाचा वास येई. वासांवरून घरंही ओळखता यायची. आमच्याकडे हिंग-जिऱ्याची फोडणी, साजूक तूप. बाजूच्या जोशीवहिनींकडे तेच. आणि अंगणापलीकडे, आमच्या बरोब्बर समोर सोनवणे मावशींकडे ज्वारीची भाकरी आणि तव्यावर भाजलेला जवळा.

सोनवणे मावशी अकोल्याकडच्या. महानगरपालिकेच्या प्रसूतिगृहात त्या आया होत्या. सोनवणे काका रेल्वेच्या कारखान्यात. त्यांची मुलगी प्रज्ञा माझ्याच वर्गात होती. त्यांच्या दर्शनी भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्याखाली फळीवर बुद्धाची छोटी पितळी मूर्ती, जी मावशी दर रविवारी चिंचेनं घासायच्या. आमच्या घरी त्यांच्याबद्दल कुणी कधी वावगा शब्द काढला नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आई फक्त एवढंच म्हणायची, "बाहेर कुणाकडे काही खायचं नाही गं, पोट बिघडतं." जोशीवहिनींकडे मी थालीपीठ खाऊन आले तर मात्र पोट बिघडत नसे. जोशीवहिनी 'वहिनी' होत्या आणि मावशी 'सोनवणेबाई' होत्या. मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. तरी प्रज्ञानं एकदा ताटलीत गरम भाकरी आणि ठेचा पुढे केला तेव्हा मी, सकाळपासून काही खाल्लेलं नसताना, "पोट भरलंय गं," असं सहज म्हणून गेले. प्रज्ञानं ताटली तशीच मागे घेतली. पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

पिल्लाचं नाव आम्ही बंडू ठेवलं. पहिल्या रात्री ते इतकं रडलं की जोशीकाका ओट्यावर येऊन खाकरले. दुसऱ्या दिवशी मावशींनी अंगणातूनच मला सांगितलं, "पोरी, त्याले माय पायजे. गोधडीत गरम पान्याची बाटली ठेव आन् घड्याळ ठेव टिकटिक करनारं." बाबांचं गजराचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून ठेवलं आणि बंडू त्याला बिलगून झोपला. पिल्लू वाढवण्यातलं मला जे काही आलं ते असंच, तुकड्यातुकड्यानं आणि बरंचसं मावशींकडून आलं. उठल्या उठल्या आणि खाल्ल्या खाल्ल्या त्याला उचलून झाडापाशी न्यायचं, तिथं काम झालं की डोकं चोळून शाबासकी द्यायची. घरात केलंच तर ओरडायचं नाही, कारण त्याला कशासाठी ओरडलो ते कळत नाही, तो फक्त आपल्याला घाबरायला लागतो. दात शिवशिवतात म्हणून तो फ्रॉकची कड चावायचा. त्याला जुन्या मोज्याची गाठ मारून दिली. बाबांच्या पायजम्याच्या नाडीचा पट्टा केला. पहिले चार दिवस बंडू तो गळ्यात पडताच जमिनीवर आडवा व्हायचा आणि मी त्याला ओढत अंगणभर फिरवायची, सगळी पोरं हसायची. कांदिवलीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे बाबा त्याला इंजेक्शनं द्यायला घेऊन गेले. जंताचं औषध मी गुळात घालून दिलं. तीन आठवड्यांत तो 'बस' म्हटलं की बसू लागला. मला जगात दुसरं काही नको होतं.

फक्त एकच गोष्ट. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नसे. बंडूला दूध-पोळी आणि वरण-भात. तो खायचा, पण खाताना मधेच मान वर करून समोरच्या घराकडे बघायचा. माहुलचं रक्त ते. समोर तवा तापला की तो पट्ट्यासकट मला ओढत अंगण ओलांडायचा. मावशी जवळा भाजायच्या तेव्हा तिखट-मीठ घालण्याआधी मूठभर त्याच्यासाठी बाजूला काढायच्या, भाकरीत कुस्करायच्या आणि ओट्यावर बसून हातानं भरवायच्या. "ये रे बोंबल्या," म्हणायच्या. त्यांच्या घरी त्याचं नाव बोंबल्या होतं आणि खरं सांगायचं तर त्या नावाला तो जास्त लवकर धावायचा. मी अंगणाच्या अलीकडे रिकामा पट्टा हातात धरून उभी असायची.

हे मी आज लिहिते आहे तेव्हा माझ्या मुलीच्या बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांचा लॅब्राडोर आहे. तो आणला तेव्हा त्याला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक तरुण ट्रेनर यायचा. मुलीच्या घरी बसून मी त्याचं शिकवणं बघायची. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, की येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या हातून याला खाऊ द्या. वॉचमन, लिफ्टमन, शेजारचे आजोबा, सगळे. माणसांच्या हातावर त्याचा विश्वास बसला पाहिजे. मुलगी मान डोलावत होती. मी उठून गॅलरीत गेले.

आम्हाला उलटं शिकवलं गेलं होतं. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या घरात साटम काका राहायचे. एका मोठ्या गोदामावर राखणीची कुत्री सांभाळण्यात त्यांचा नोकरीचा सगळा काळ गेला होता आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांना सांभाळायला कुत्री उरली नव्हती. त्या हिवाळ्यात पलीकडच्या सेक्टरमध्ये दोन चोऱ्या झाल्या. एका घरचं कुत्रं विष घालून मारलं होतं. ते कळलं त्याच संध्याकाळी साटम काका आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"चोर पयलं काय करतो, सांगा बघू?" त्यांनी बाबांना विचारलं. "तुकडा टाकतो. म्हणून कुत्र्यानं परक्या हातचं खाताच कामा नये. आत्ता लहान आहे तोवर शिकवून घ्या, नंतर वाट लागते."

"कसं शिकवायचं?" मी विचारलं.

"सोप्पं आहे. तू द्यायचं ते गोड. दुसऱ्या कुणी दिलं की त्यात लाल तिखट. चार माणसांकडून चार वेळा. पाचव्यांदा तोंड नाही लावणार."

आईला ते बरं वाटलं नाही. "मुक्या जिवाला कशाला छळायचं?" ती म्हणाली. पण बाबांना पटलं आणि मला तर एखादी परीक्षा दिल्यासारखं स्फुरण चढलं. पहिला तुकडा साटम काकांनीच दिला. बंडूनं तो गिळला, मग शिंकला, मग नाक मातीत घासत गोल गोल फिरला. मी त्याच्यापुढे दूध धरलं. पंधरा दिवसांत जोशीकाका, दूधवाला, क्रिकेट खेळणारी पोरं, सगळ्यांच्या हातचे तुकडे त्याच्यापुढे तसेच पडून राहू लागले. पाहुणे आले की बाबा त्यांच्या हातात बिस्किट द्यायचे आणि म्हणायचे, "टाका त्याला." बंडू बिस्किटाकडे बघायचा आणि मान फिरवायचा. मग तेच बिस्किट मी उचलून द्यायची आणि तो खायचा. "हिनं शिकवलंय," बाबा सांगायचे. बाबा फारसं कौतुक करणारे नव्हते. ते वाक्य ऐकायला मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची.

राहिल्या होत्या मावशी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की असं काही शिकवणं चाललं आहे. त्यांच्या हातचं बंडू तसाच शेपूट हलवत खात होता. "बाकी सगळ्यात पास," बाबा एकदा हसत म्हणाले, "समोर मात्र नापास." आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "चटक लागलीय त्याला तिथली." तिनं ते कसं म्हटलं ते मला आजही ऐकू येतं. पण मी आईवर ढकलणार नाही. आईनं मला काही करायला सांगितलं नव्हतं, बाबांनीही नाही. मला तो फक्त माझा हवा होता. आणि त्या घरचं खायचं नसतं, हे मी स्वतः कधीच शिकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत लाल तिखट घेऊन मी समोर गेले. प्रज्ञा आत वही लिहीत होती, गृहपाठ राहिला होता तिचा. मावशींनी नेहमीसारखी भाकरी कुस्करून ताटली ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला आत वळल्या. तेवढ्यात मी पुडी रिकामी केली आणि बोटानं कालवलं. मावशी आल्या, बसल्या, पहिला घास त्यांनी हातानं बंडूच्या तोंडात दिला. त्यांचा त्याच्यावर इतका विश्वास आणि त्याचा त्यांच्यावर इतका, की त्यानं वासही घेतला नाही. दुसरा घास गिळल्यावर तो किंचाळला. कुत्रं किंचाळतं तेव्हा लहान मुलासारखं किंचाळतं. मावशींच्या हाताला धक्का देऊन तो मोरीकडे पळाला.

मावशींनी आपल्या बोटांचा वास घेतला. जिभेला बोट लावलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "तिखटाची पळी लागली वाटते गं. माह्याच हातानं झालं." त्या मोरीपाशी जाऊन त्याच्या तोंडावर पाणी ओतत होत्या आणि त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "चुकलं रे बोंबल्या, चुकलं माह्यं."

मी तिथं उभी होते. बोटं फ्रॉकला पुसली.

पुढच्या दिवशी त्यांनी जवळा वेगळ्या तव्यावर भाजला. मला दाखवला, "पाय, आज पळीबी वेगळी घेतली." मी त्या दिवशीही तिखट घातलं. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी जवळा पाण्यात धुऊन घेतला होता आणि घास बंडूसमोर धरला. त्यानं घास हुंगला, दोन पावलं मागे सरकला आणि बसला. शेपूट हलत होती, पण तो पुढे आला नाही. मावशी बराच वेळ हात पुढे करून बसल्या. शेवटी तो घास त्यांनी चिमण्यांना टाकला. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, "बाबा, समोरही पास."

"शाबास," बाबा म्हणाले.

शाळेला सुट्टी लागायच्या सुमाराला सांगलीहून तार आली. आजोबा गेले होते. आई रडत रडत बॅग भरत होती, बाबा एसटीची चौकशी करायला धावले होते. बंडूचं काय करायचं हा विचार निघाला तेव्हा रिक्षा येऊन उभी राहिली होती. साटम काका मुलाकडे नाशकाला गेले होते, जोशींच्या घराला कुलूप होतं. आईनं क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि मग ती अंगण ओलांडून गेली. त्या घरापाशी ती आपणहून गेलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"सोनवणेबाई, तेरा-चौदा दिवस लागतील. कुत्र्याचं बघाल का? दूध सांगून ठेवलंय. पोळी-भात, जे असेल ते."

"तुमी निर्धास्त जा वैनी," मावशी म्हणाल्या. "असे प्रसंग कोनाले चुकले? किल्ली द्या, झाडाले पानीबी घालते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काऊन गं रडते? मी हाओ ना."

त्यांना वाटलं, मी आजोबांसाठी रडते आहे. आईलाही तेच वाटलं. बोलायला वेळ होता. रिक्षेत बॅगा चढेपर्यंत दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. 'मावशी, तो तुमच्या हातचं खाणार नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का नाही खाणार? मी बंडूच्या डोक्यावर हात फिरवला आणि रिक्षेत बसले.

गावी घर माणसांनी भरलेलं होतं. बायकांचं रडणं, सुतकाचं फिकं जेवण, पत्रावळींचे ढीग. मी पानावरचं तसंच ठेवून उठायची आणि आत्या सगळ्यांना सांगायच्या, "पोरीला आजोबांचा फार लळा." मी मनात दिवस मोजायची. आज दुसरा. आज चौथा. भूक लागल्यावर खाईल, असं एकदा वाटायचं. आणि मग तो मागे सरकून बसलेला दिसायचा. सहाव्या दिवशी बाबा मुंडण केलेलं डोकं टॉवेलानं झाकून नदीच्या पायऱ्यांवर एकटे बसले होते तिथं मी गेले.

"बाबा, बंडू जेवला नसेल."

"जेवेल गं. सोनवणेबाई आहेत."

"त्याला परक्या हातचं चालत नाही."

"जनावर आहे ते, नीलू. भूक लागली की खाईल." मग म्हणाले, "माझे वडील गेलेत बाळा." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मी उठले. पण हेही पूर्ण खरं नाही. मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं आणि अर्धं सांगून सुटले म्हणून मला थोडं बरंही वाटलं होतं.

पंधराव्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. अंगणात ऊन रणरणत होतं. आमच्या ओट्यावर, आमच्या दाराला पाठ टेकून, आईची निळी व्हॉइलची साडी नेसलेली एक बाई डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून बसली होती. तिच्या मांडीवर ताटली होती. आणि ताटलीत तोंड घालून बंडू खात होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. पाठीचा कणा कातड्यातून वर आला होता. आम्ही फाटकातून आत आलो तसा तो उठला, माझ्याकडे यायला निघाला आणि त्याचे मागचे पाय घसरले.

त्या बाईनं पदर मागे केला. मावशी होत्या.

"माफ करा वैनी," त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या. "विचारल्याबिगर नेसली. तुमची साडी दोरीवर राहून गेली होती. चार दिवस ह्यानं पान्याशिवाय कशाले तोंड लावलं नाई. दूध ठेवलं, भात ठेवला, प्रज्ञानं देऊन पायलं. माह्या हाताचा वास आला की उठून जाये. मग पाचव्या दिवशी हे नेसून, तोंड झाकून बसली. तुमच्या वासानं आला जवळ. पन बोलली की गेला! म्हनून गपचूप बसावं लागे. दोन घास खाये, तीन खाये." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "ड्युटीवरून आली की हेच करत होती रोज. काय झालं असन त्याले, कोनास ठाऊक. त्या दिवशी माह्या हातून तिखट गेलं, त्याचाच धसका घेतला पोरानं."

मी बंडूला छातीशी धरून उभी होते. त्याचं वजन पिशवीतून आणला तेव्हाइतकं वाटत होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती, बाबाही बघत नव्हते. दोघं साडीकडे बघत होते.

"बरं केलंत हो," आई म्हणाली. "फार केलंत तुम्ही."

बंडूला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, सलाइन लावलं. आणखी आठवडा गेला असता तर हाताला लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी साडी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून घेऊन आल्या. आई दारातच होती. तिनं हात पुढे केला नाही.

"राहू द्या ना तुम्हालाच," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात. "जुनीच आहे."

साडी जुनी नव्हती. दिवाळीत घेतलेली. मावशींनी आईच्या तोंडाकडे बघितलं, नीट, सावकाश बघितलं. त्यांचा चेहरा रागावल्यासारखा नव्हता. एखादी गोष्ट आधीच माहीत असावी आणि कुणीतरी ती पुन्हा वाचून दाखवावी, तसा होता.

"नाई वैनी, साड्या हायेत मले," त्या म्हणाल्या. घडी ओट्याच्या कठड्यावर ठेवली आणि गेल्या.

ती घडी दोन दिवस तिथंच होती. येता-जाता आम्ही सगळे तिच्याकडे न बघता जात होतो. तिसऱ्या दिवशी बोहारीण आली. आईनं साडी देऊन झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. मी आतल्या खोलीत बंडूला भात भरवत होते. मी बाहेर जाऊन साडी उचलू शकले असते. नेसून बसू शकले असते, काहीही करू शकले असते. आणि ज्या बाईनं माझ्या पापाचं ओझं स्वतःचं समजून दहा दिवस तोंड झाकून बसण्यात काढले, तिला निदान त्या दिवशी तरी खरं सांगायला हवं होतं. मी भात भरवत राहिले. आई वाईट नव्हती. शेवटच्या आजारपणात ती परक्या बायकांच्या हातचं पाणी निमूटपणे प्यायली, त्यांचे हात हातात धरून झोपली. पण त्या सकाळी ती जशी होती तशी होती आणि मी तिचीच मुलगी होते.

जून उजाडल्यावर प्रज्ञा शाळेला जाताना मला हाक मारेनाशी झाली. भांडण झालं नाही. वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसू लागली, विचारलं तर उत्तर द्यायची. मावशी समोरून गेल्या तर "बरी हायेस ना?" म्हणायच्या. बंडू सुधारला. पुढे अकरा वर्षं जगला. पण माझ्या आणि आई-बाबांच्या हाताशिवाय त्यानं कधीच कुणाचं काही खाल्लं नाही. शिकवलेलं काढून टाकायचा मी खूप प्रयत्न केला, तुपातला शिरा दिला जोशीवहिनींच्या हातून, काही उपयोग झाला नाही. त्यामुळे आम्ही तिघं पुन्हा कधी एकत्र गावाला गेलो नाही. कुणीतरी एक मागे राहायचं. बहुतेक वेळा मी राहायची आणि ते मला योग्यच वाटायचं. मावशींच्या हातून मात्र मी प्रयत्न करून बघितला नाही. त्यासाठी अंगण ओलांडावं लागलं असतं. चार-पाच वर्षांनी सोनवणे घाटकोपरला राहायला गेले.

ट्रेनर पहिल्यांदा येऊन गेला त्याच आठवड्यात मी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून प्रज्ञाचा नंबर काढला. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. फोनवर मोकळेपणानं बोलली, "ये की यार, आई तुझी आठवण काढते." घाटकोपरला त्यांचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. मावशी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेली, लहानशी झालेली बाई. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. प्रज्ञानं चहा आणला. त्या माणसांच्या घरात मी घेतलेला तो पहिला घोट होता. मला वाटतं, खोलीतल्या तिघींनाही ते माहीत होतं.

मग मी सांगितलं. पुडीतलं तिखट, पहिला दिवस, दुसरा, तिसरा. रिक्षेपाशी गप्प राहिले ते. मी रडत नव्हते, घरून ठरवूनच आले होते की रडायचं नाही.

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मेट्रो गेली, ती नजरेआड होईपर्यंत त्यांनी बघितलं.

"म्हंजे मी नव्हतं टाकलं," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. मी."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस."

"मी तवा बदलला होता," त्या हळूच म्हणाल्या, माझ्याशी नाही, स्वतःशीच. मग प्रज्ञाकडे वळून म्हणाल्या, "मले जरा आत घेऊन चल. पाठ टेकते." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण तो आधारासाठी होता की आणखी कशासाठी, ते मला कळलं नाही.

प्रज्ञा मला सोडायला खाली आली. फाटकापाशी थांबली.

"तू लहान होतीस, ते मला समजतं," ती म्हणाली. "पण मला एक सांग नीलू. हे तू आईला बरं वाटावं म्हणून सांगितलंस, का तुला?"

"माहीत नाही गं."

"तिला वाटायचं, एका पिल्लाला तिच्या हातून त्रास झाला. ते तिनं केव्हाच पचवलं होतं. आता तिला बसून आठवत राहावं लागेल, की तू तिच्याशेजारी ओट्यावर बसून ते करत होतीस. या वयात." तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. मग सुस्कारा टाकून म्हणाली, "असू दे. ये परत. सांगायला बिंगायला काही येऊ नकोस. नुसती जेवायला ये. आईला आवडेल."

मी हो म्हणाले. दिवसही ठरवला आम्ही, तो येणारा दुसरा रविवार. त्या रविवारी माझा गुडघा दुखत होता. नंतर मुलीकडे पाहुणे आले. नंतर पाऊस होता. प्रज्ञा अधूनमधून मेसेज करते, 'आई विचारते, कधी येतेस?' मी लिहिते, 'नक्की येते.' त्या भेटीला दोन वर्षं होत आली. मावशी पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मी अजून गेलेले नाही.